आबांची उजवी नाकपुडी

आबा,

तुमच्या नाकाबद्दल लिहायचं आहे. पुष्कळ वर्षं मनात होतं, पण बापाच्या नाकाबद्दल काय लिहायचं असं वाटून राहून जायचं. आणि तुम्ही गेल्यावर लोक तुमच्याबद्दल इतकं चांगलं बोलायला लागले की त्यात तोंड घालायची सोयच उरली नाही. परवा आपल्या काटेवाडीला गेले होते. पारावर एक म्हातारा बसला होता. मला ओळखून म्हणाला, "आबांची धाकली व्हय तू? आबांसारखा स्वर बघणारा पुन्हा न्हाय झाला बघ." मी हात जोडले आणि पुढे गेले. जन्मभर पुण्याच्या इस्पितळात नाक-कान-घशाच्या वॉर्डात नर्स म्हणून राबलेल्या बाईला हे मुकाट्यानं ऐकून घ्यावं लागलं. घरी आल्यावर दोन दिवस जेवण गोड लागलं नाही, म्हणून आज लिहायला बसले.

तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगायचात, तसंच आधी सांगते, म्हणजे माझं काही चुकत असेल तर तुम्हालाही कळेल. माणसाच्या दोन नाकपुड्यांपैकी एका वेळी एकच मोकळी चालते. उजवी सूर्याची, डावी चंद्राची. काही विचारायला आलेला माणूस चालू नाकपुडीच्या बाजूला असला तर त्याचं काम होणार, बंद बाजूला असला तर होणार नाही. एवढंच ते शास्त्र. कालव्याकाठच्या देवळात चार महिने मुक्कामाला राहिलेल्या एका गोसाव्यानं ते तुम्हाला दिलं. चार महिने आईनं त्याला भाकऱ्या घातल्या, म्हणजे फुकट काही दिलं नाही. त्यानं जाताना हेही बजावलं होतं की स्वर दिवसातून कितीतरी वेळा पालटतो, तेव्हा दर खेपेला बोट लावून बघत जा. तुमचा पालटत नव्हता. सकाळी उजवी, दुपारी उजवी, दिवेलागणीला उजवी. डावी कधी चालूच झाली नाही. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, आपल्या नाकात काही बिघाड आहे की काय. तुम्हाला वाटलं, आपली सूर्यनाडी सिद्ध झाली. गोसाव्याला बारा वर्षांत जे जमलं नाही ते तुम्हाला बसल्या जागी जमलं, असं तुम्ही लोकांना सांगायचात आणि लोक माना डोलवायचे.

नाक तुमचं वाकडं होतं हे गावाला दिसत होतंच. इंदापूरच्या फडात कुस्ती मारताना ते वाकडं झालं, असं तुम्ही सांगायचात. तेव्हा आई चुलीपुढं बसून तोंडाला पदर लावायची. एकदा तुम्ही रानात गेल्यावर तिनं मला खरं काय ते सांगितलं. दहा वर्षांचे असताना तुम्ही वासराची शेपटी पिळली आणि त्यानं लाथ घातली. एवढाच तो फड.

तुमचा दरबार भरायचा ओसरीवर. मधल्या खांबाला पाठ लावून, अंगणाकडं तोंड करून तुम्ही बसायचात. उजव्या हाताला घोंगडी अंथरलेली. त्यावर गावातले बागायतदार, शेळगावचे पाहुणे, कुणी शाळामास्तर. डाव्या हाताला सैपाकघराचं दार. बायामाणसांनी त्या दाराच्या आत उभं राहून, पदर सावरून, काय विचारायचं ते विचारायचं. ओसरी ओलांडून घोंगडीकडं बायकांनी जायची रीत नव्हती. समोर अंगणात मजूर उभे राहायचे. समोरून विचारणाऱ्याला काय फळ, हे बहुधा गोसावी सांगायचं विसरला होता, कारण त्यांना तुम्ही नेहमी "उद्या ये" म्हणायचात.

आता तुम्हीच बघा, आबा. पुरुष उजवीकडं, बाया डावीकडं, आणि तुमची उजवी जन्मभर चालू. घोंगडीवरच्याला कायम "व्हय", दाराआडच्या बाईला कायम "न्हाय". हे समजायला शास्त्र लागत नाही. शेजारच्या काकू एकदा दारात येऊन म्हणाल्या, "आबा, थोरल्याला बारामतीच्या शाळंत घालावं म्हनते, जमंल का?" तुम्ही बोट नाकाखाली धरलंत आणि म्हणालात, "न्हाय जमायचं." दुसऱ्या दिवशी काकूंचा नवरा येऊन घोंगडीवर बसला आणि तेच विचारलं. तेच पोर, तीच शाळा. तुम्ही बोट धरलंत आणि म्हणालात, "बिनघोर घाल." तुम्हाला काही खटकलं नाही. बरं, काकूंनाही खटकलं नाही. "पुरुषानं इचारलं की गोष्ट येगळी पडती," म्हणत त्या घरोघर गूळ वाटत फिरल्या. नाकानं कांदे सोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण नाकानं अख्ख्या गावाचा संसार चालवणारे तुम्ही एकटेच.

थोरली आक्का सासरहून, डाळजहून आली ते साल काही मी विसरणार नाही. वांग्यांची तोडणी चालू होती. लग्नाला चार वर्षं झाली होती तिच्या, आणि कधी न बोलावता आली नव्हती. त्या दिवशी आली ती भिगवणच्या रस्त्यावर कुणाची तरी गाडी धरून, पुढं पायी. हातात गाठोडं. डावा कान पदराखाली. आईनं पदर मागं सारला तर कानातून पाणी वाहत होतं आणि कानामागं सुजलं होतं. आई म्हणाली, "पितो का गं?" आक्का म्हणाली, "न्हाय. पीत असता तर दारूवर घालता आलं असतं. नुसताच मारतो." एवढं बोलून तिनं विळा घेतला आणि वांग्यांत गेली. चार दिवस ती आमच्या दोघींएवढं काम करत होती. म्हणजे भाकरीचा भार नको वाटायला. माहेरात चार दिवस राहायला आलेलं माणूस असं काम करतं का, आबा? तुम्हाला ते दिसत होतं. तुम्ही म्हणालात, "आक्कीचा हात अजून चलाख हाय."

पाचव्या दिवशी सकाळी तिनं विचारलं. चहा झाला होता, घोंगडीवर शेळगावचे दोघं पाहुणे होते. आक्का दारात येऊन उभी राहिली. मी तिच्या मागं चुलीपाशी होते. ती म्हणाली, "आबा, मी आता हितंच राहू का?" तुम्ही मान वळवून तिच्याकडं पाहिलंही नाही. वळवली असती तर तो कान तरी दिसला असता. तुम्ही बोट नाकाखाली धरलंत, डोळे मिटलेत, आणि पाहुण्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालात, "सूर्य चालू हाय. तू चंद्राकडनं इचारलंस. न्हाय जमायचं, पोरी. घरला जा, समदं नीट हुईल." आक्का म्हणाली, "बरं." आईचे हात पिठात तसेच थांबले होते. दुपारी चुलत्यानं गाडी जुंपली. आईनं गाठोड्यात शेंगदाण्याची चटणी बांधली आणि कानात घालायला तेलाची बाटली दिली. आक्का गाडीत बसल्यावर तुम्ही ओसरीवरूनच हात वर केलात. आशीर्वादाचा.

मला ते सगळं इतकं स्पष्ट आठवतं की अजून तुमच्या बोटावरची तपकिरीची भुकटी दिसते. एका बाईचा उभा जन्म त्या बोटाच्या पेरावर तोलला गेला, आणि तोलणारा काटा म्हणजे वासरानं मोडलेलं हाड. तुम्ही वाईट होतात असं मी म्हणत नाही. वाईट माणसाला निदान आपण काय करतो ते ठाऊक असतं. तुम्ही मूर्ख होतात, आणि मूर्ख माणसाला आवाज चांगला मिळाला की त्याला लोक साधू म्हणतात.

मला मात्र तुम्ही "व्हय" म्हणालात, त्याच उन्हाळ्यात. सातवीच्या फायनलला मी पास झाले होते, आणि मास्तरीणबाईंनी सांगितलं होतं की पुण्याला नर्सचं शिक्षण मिळतं, राहायची सोय होते. दाराआडून विचारलं तर काय होणार हे मला माहीत होतं. इतकी वर्षं चुलीपाशी बसून बायांचे प्रश्न आणि तुमची उत्तरं ऐकली होती, भाकरीकडं लक्ष आणि कान ओसरीवर, असं ते शिक्षण झालं होतं माझं. म्हणून त्या दिवशी चहाचं तबक घेऊन मी सरळ ओसरी ओलांडली, घोंगडीपलीकडं गेले, पाहुण्यांपुढं कपबशा ठेवल्या आणि तिथंच उभी राहून म्हणाले, "आबा, मी पुण्याला नर्स व्हायला जाऊ का?" तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. नर्स म्हणजे परक्या पुरुषांना हात लावणारी, हे काय तुम्हाला चालणार होतं? पण बोट सवयीनं वर गेलंच होतं. शेजारचा बागायतदार म्हणाला, "आबा, सूर्य हाय का?" तुम्ही म्हणालात, "हाय." तो म्हणाला, "पोर उजवीकडंच हुबी हाय. मग झालं की काम." चार माणसांत स्वतःचंच शास्त्र खोटं कसं ठरवणार? तुम्ही हो म्हणालात. बारामतीहून दौंडला जाणाऱ्या छोट्या गाडीत चुलत्यानं मला बसवून दिलं, तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघून एकटीच हसत होते. तुम्हाला मी हरवलं होतं.

उजवी का चालते हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. चालते एवढंच ठाऊक होतं. कारण कळलं ते पुण्यात, नेमणूक नाकाच्या वॉर्डात झाल्यावर. एक बुटके सर्जन होते, कपाळावर आरसा बांधून शिकाऊ डॉक्टरांना रोगी दाखवायचे, आणि मी शेजारी ट्रे धरून उभी असायची. एका शेतकऱ्याच्या नाकात प्रकाश टाकून ते म्हणाले, "हा मधला पडदा. हा डावीकडं वाकलाय, म्हणून डावी बाजू अरुंद झाली आणि उजवी रुंद. आता उजवीकडं बघा. बाजूच्या भिंतीवर ही मांसाची घडी, टर्बिनेट, किती वाढलीय. पडदा एका बाजूला गेला की दुसरीकडं जागा जास्त होते, आणि ती घडी सुजून, वाढून ती जागा भरत जाते. आधी मांस, पुढं आतलं हाडसुद्धा. म्हणून रोगी कधी कधी चांगल्या बाजूचीच तक्रार घेऊन येतो. नुसता पडदा सरळ केलात आणि ही घडी तशीच ठेवलीत, तर चांगली बाजू बंद पडेल आणि तो तुम्हाला शिव्या देईल." मग त्यांनी आणखी एक सांगितलं. धडधाकट माणसाच्या नाकातही या घड्या आळीपाळीनं फुगतात, म्हणून एकदा ही नाकपुडी मोकळी वाटते, एकदा ती. मी ट्रे हातात धरून फिस्सकन हसले. सर्जन म्हणाले, "सिस्टर, यात हसण्यासारखं काय आहे?" मी माफी मागितली. त्यांना काय सांगणार? गोसावी बिचारा खरंच सांगत होता. स्वर पालटतो. सगळ्यांचा पालटतो. गावातल्या प्रत्येक म्हशीगाईचाही पालटत असेल. फक्त ज्याच्याकडं सगळे विचारायला यायचे, त्या एकट्याचं नाक त्या कामाला नालायक होतं.

तुमच्या त्या मांसाच्या घडीनंही पुढं आपलं काम केलंच. मला तार आली की आबा बोलत नाहीत. धावतपळत आले तर तुम्ही खांबाला टेकून तोंड उघडं टाकून बसलेले, डोळे अर्धे मिटलेले. आई म्हणाली, "दोन्ही बंद झाल्यात. सुषुम्ना लागली म्हनत्यात." दोन्ही स्वर सारखे झाले की प्रपंचाचं काही करायचं नाही, नुसतं ध्यान करायचं, हे त्या शास्त्रातलं शेवटचं कलम. ते तुम्ही लावून धरलं होतं. कालव्याच्या पाण्याचा अर्ज तुम्ही केला नव्हता, कारण सुषुम्नेत अर्ज करत नाहीत. खालच्या तुकड्यातला ऊस पाण्यावाचून वाळला होता. लोक अंगणात येऊन लांबूनच पाया पडत होते. घोरणं तर इतकं की ओसरीवरची कोंबडी दचकायची, आणि एक म्हातारी मला म्हणाली, "आतनं ओंकार निघतुया."

बारामतीला आठवड्याच्या बाजाराला पुण्याचा एक नाकाचा डॉक्टर येतो असं मला कळलं होतं. त्याच्याकडं तुम्हाला गाडीत घालून नेलं. डॉक्टरनं चिमट्यानं नाकपुडी उघडून आरशाचा उजेड टाकला. तुम्ही गंभीरपणे विचारलंत, "सुषुम्ना दिसती का?" तो बिचारा माझ्याकडं बघायला लागला. मग म्हणाला, "बाबा, मधला पडदा डावीकडं इतका वाकलाय की काडी जायची नाही. किती वर्षं?" मी म्हणाले, "लहानपणापासून." तो म्हणाला, "तरीच. उजवीकडचं मांस त्यामुळंच वाढलंय. इतकी वर्षं तिथून भागत होतं, आता धुळीनं आणि तपकिरीनं तेही सुजलं. पुण्याला या, पडदाही सरळ करू आणि उजवीकडचं वाढलेलंही काढू." तुम्ही विचारलंत, "म्हंजी डावी कधी चालतच नव्हती?" डॉक्टर म्हणाला, "कशी चालेल?"

त्या वेळी मी तुमच्या तोंडाकडं टक लावून बघत होते. वाटलं होतं, आता तरी आक्काचं नाव निघेल. दारातून विचारलेल्या सगळ्या बाया आठवतील. तुम्ही धोतराच्या सोग्यानं नाक पुसलंत आणि मला म्हणालात, "शिकल्याली मानसं. नाडी आन् मांस यातला फरक कळंना त्यास्नी. चल, उशीर हुतोय." शस्त्रक्रिया तुम्ही केली नाहीत. मी दिलेले थेंब चार-आठ दिवस घातलेत, उजवी थोडी मोकळी झाली, आणि सूर्य पुन्हा उगवला. घोंगडी पुन्हा अंथरली. मी त्याच दिवशीच्या मोटारीनं पुण्याला परत गेले आणि तुम्ही जाईपर्यंत सणावारालाच काय ती आले. तुम्ही गेलात तेव्हा लोक म्हणाले, मोठा पुण्यवान, दोन्ही स्वर सम करून गेला. मेलेल्या माणसाचे दोन्ही स्वर समच असतात. मी पुष्कळ पाहिलेत.

इथवर लिहून पत्र फाडायचं ठरवलं होतं. मन मोकळं झालं होतं. पण वर एक गोष्ट मी जशी घडली तशी लिहिली नाही. आक्काचं आधी सांगितलं आणि माझं मागून. वाचणाऱ्याला वाटेल, आक्काचं पाहून मी शहाणी झाले. घडलं उलटं. मी आधी ओसरी ओलांडली होती, आणि त्यानंतर पंधराच दिवसांनी आक्का गाठोडं घेऊन आली. माझी पेटी भरलेली होती. आणि त्या पाचव्या दिवशी सकाळी, वांग्यांत जायच्या आधी, तिनं मला चुलीपाशी विचारलं होतं, "आबांना कवा इचारू गं? तू कसं इचारलंस?" मी तिला म्हणाले, "चहा झाल्याव इचार. चहा झाला की खुशीत असत्यात."

कुठून विचारायचं ते मी सांगितलं नाही. तिच्या हातात कपबशा द्यायच्या होत्या, एवढंच काम होतं. पण एक लेक नवऱ्याला टाकून घरी बसली असती तर दुसरीला नर्स व्हायला कुणी पाठवलं नसतं, हे मला तेव्हा नीट कळत होतं. मला सगळंच नीट कळत होतं. ती दाराकडं गेली, आणि मी चुलीतला जाळ पुढं सारला.

आक्का आहे अजून, डाळजला. नवरा गेला, पोरं बरी निघाली, त्या डाव्या कानानं तिला कधीच ऐकू आलं नाही. गेल्या दिवाळीला माझ्याकडं आली होती. तुमच्या फोटोला हार घालताना म्हणाली, "आबांनी सांगितलं म्हनून गेले परत. त्यांचा स्वर कधी चुकला न्हाय. नशिबातच व्हतं माझ्या." मी तिच्या उजव्या बाजूला उभी होते. तुमचं नाक, तो पडदा, ते मांस, सगळं तिला दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण मग ती विचारणारच, तुला कधी कळलं. म्हणून तुमचं नाव राखून ठेवलंय मी, आबा, तुमच्यासाठी नव्हे. हे पत्र खरं तर तिला जायला हवं. तिला वाचता येत नाही, आलेली पत्रं ती माझ्याकडूनच वाचून घेते.

मी तिला म्हणाले, "व्हय, आक्का. न्हाय चुकला."